बेंडची ब्रुअरी सहल : बसच का लागते?

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील बेंड या शहरात येणाऱ्या पर्यटकांपुढे दुपारच्या फिरण्यासाठी अनेक पर्याय असतात. नदीकाठची पायवाट आहे, बर्फाच्छादित शिखरे आहेत, ज्वालामुखीतून घडलेले खडक आहेत. याच यादीत एक वेगळी सहलही असते. दहा-बारा जणांचा गट एका छोट्या बसमध्ये बसतो, तीन किंवा चार स्थानिक ब्रुअरींना भेट देतो, बिअर कशी तयार होते हे पाहतो, तिचे नमुने चाखतो आणि चार तासांनी आपापल्या मुक्कामी परततो.

वरवर पाहता ही केवळ करमणूक आहे. मात्र या सहलीमागे मद्यविक्रीच्या कायद्यात झालेला मोठा बदल आहे, लाकूडगिरण्या बंद पडल्यानंतर नव्या उपजीविकेच्या शोधात असलेल्या शहराचा अनुभव आहे आणि मद्यपान करून वाहन चालवल्यामुळे जाणाऱ्या बळींचा गंभीर प्रश्नही आहे. ब्रुअरी सहलीत सर्वांत महत्त्वाची व्यक्ती बिअर बनवणारी नसते आणि ती चाखणारीही नसते. एक थेंबही न घेता सर्वांना सुखरूप परत नेणारा चालक हाच या सहलीचा आधार असतो. ही व्यवस्था कशी उभी राहिली आणि ती कशी चालते, याचा हा आढावा.

लाकडाचे गाव

बेंड हे शहर कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेस, डेशूट्स नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसले आहे. पर्वतरांगेच्या पश्चिमेकडील ओरेगन पावसाळी आणि हिरवेगार आहे. पूर्वेकडचा हा भाग मात्र कोरडा असून येथे पाइन वृक्षांची विस्तीर्ण वने आहेत. या वनांच्या बळावर १९१६ मध्ये नदीच्या दोन्ही तीरांवर शेवलिन-हिक्सन आणि ब्रुक्स-स्कॅनलन या कंपन्यांच्या मोठ्या लाकूडगिरण्या सुरू झाल्या. पुढील अनेक दशके शहराचे अर्थकारण या गिरण्यांभोवतीच फिरत राहिले.

मोठे वृक्ष संपत गेले, तसा हा व्यवसाय आकसत गेला. १९५० मध्ये शेवलिन-हिक्सनची गिरणी प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेऊन बंद केली. उरलेल्या गिरणीचे कामही १९९४ मध्ये थांबले. गिरणीच्या आवारात आज दुकाने, उपाहारगृहे आणि नदीकाठचे फिरण्याचे रस्ते आहेत. जुन्या गिरणीची तीन उंच धुराडी तेवढी खूण म्हणून जपण्यात आली आहेत. मुंबईतील गिरणगावाचे रूपांतर पाहिलेल्या मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

याच संक्रमणाच्या काळात, १९८८ मध्ये, गॅरी फिश यांनी बेंडच्या मध्यवस्तीत डेशूट्स ब्रुअरी सुरू केली. आरंभी ते एक साधे उपाहारगृह होते आणि त्याच जागेत बिअर तयार केली जात असे. १९९३ मध्ये नदीजवळ मोठा उत्पादन कारखाना उभारण्यात आला. या ब्रुअरीने आपल्या बिअरना परिसरातील स्थळांची नावे दिली. ‘ब्लॅक ब्यूट’ हे जवळच्या एका मृत ज्वालामुखीचे नाव, तर ‘मिरर पाँड’ हे शहराच्या मधोमध नदीला बांध घालून झालेल्या तळ्याचे नाव. बिअरच्या बाटलीबरोबर गावाचे नावही दूरवर पोहोचू लागले. पुढे या ब्रुअरीत काम शिकलेल्या काही जणांनी स्वतःचे व्यवसाय सुरू केले आणि शहरातील ब्रुअरींची संख्या वाढत गेली.

कायदा बदलला, दार उघडले

ज्या जागी बिअर तयार होते तेथेच ती पाहुण्याला विकता येणे, ही आज साधी गोष्ट वाटते. अमेरिकेत मात्र दीर्घकाळ तशी मुभा नव्हती. त्या देशात जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत राष्ट्रव्यापी दारूबंदी होती. बंदी उठल्यानंतर बहुतेक राज्यांनी मद्यव्यवसायाचे तीन स्तर ठरवून दिले. उत्पादकाने माल तयार करावा, वितरकाने तो वाहून न्यावा आणि किरकोळ विक्रेत्याने तो ग्राहकाला द्यावा, अशी ही विभागणी होती. बड्या उत्पादकांनी गुत्ते आपल्या ताब्यात घेऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता. मात्र या नियमामुळे लहान उत्पादकाला स्वतःच्या दारात स्वतःची बिअर विकणेही अशक्य झाले.

परिणामी बाजारपेठ मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण अमेरिकेतील ब्रुअरींची संख्या शंभराच्याही खाली आली होती. याच सुमारास बदलाला प्रारंभ झाला. १९७६ मध्ये जॅक मॅकऑलिफ यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे न्यू अ‍ॅल्बियन ही छोटी ब्रुअरी स्थापन केली. ती काही वर्षांतच बंद पडली. परंतु अल्प भांडवलावर वेगळ्या चवीची बिअर करता येते, हे तिने दाखवून दिले. ऑक्टोबर १९७८ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती वापरासाठी बिअर बनवण्यास केंद्रीय करातून सूट देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. स्वयंपाकघरात प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींमधून पुढे अनेक व्यावसायिक उत्पादक तयार झाले.

ओरेगनमध्ये निर्णायक पाऊल १९८५ मध्ये पडले. पोर्टलंड शहरातील काही लहान उत्पादकांनी केलेल्या पाठपुराव्यानंतर राज्याने ब्रुअरीच्या आवारातच बिअर विकण्यास परवानगी देणारा कायदा संमत केला. त्याच वर्षी पोर्टलंडच्या हिल्सडेल भागात मॅकमेनामिन बंधूंनी अशा स्वरूपाचे राज्यातील पहिले उपाहारगृह उघडले. तीन वर्षांनी बेंडमध्ये सुरू झालेली डेशूट्स ब्रुअरी याच कायद्याच्या चौकटीत उभी राहिली.

या बदलाचे अर्थशास्त्र सरळ आहे. वितरकामार्फत विकल्या जाणाऱ्या बिअरच्या किमतीतील वाटा वितरक आणि दुकानदार यांच्याकडे जातो. तीच बिअर स्वतःच्या दालनात पेल्याने विकली, तर तो वाटा उत्पादकाकडेच राहतो. त्यामुळे लहान ब्रुअरीच्या दृष्टीने दारात येणारा पाहुणा हा दूरच्या दुकानातील ग्राहकापेक्षा अधिक मोलाचा असतो. सहलींना ब्रुअरींनी सहकार्य का दिले, याचे उत्तर येथे मिळते.

‘क्राफ्ट’ कशाला म्हणावे

लहान ब्रुअरींच्या उत्पादनाला ‘क्राफ्ट बिअर’ असे म्हटले जाते. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन या व्यावसायिक संघटनेने क्राफ्ट ब्रुअरीसाठी काही निकष निश्चित केले आहेत. त्यानुसार वार्षिक उत्पादन ६० लाख बॅरलपेक्षा अधिक नसावे आणि क्राफ्ट ब्रुअरी नसलेल्या मद्यकंपनीची मालकी २५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. अमेरिकी बिअर बॅरल सुमारे ११७ लिटरचे असते. म्हणजे ही मर्यादा वर्षाला सुमारे ७० कोटी लिटर इतकी होते. ‘लहान’ या शब्दाची व्याप्ती तेथे किती मोठी आहे, हे यावरून लक्षात येते. बेंडमधील बहुतेक ब्रुअरी या मर्यादेच्या खूपच खाली आहेत.

मालकीचा निकष बेंडमध्ये प्रत्यक्ष वादाचा विषय ठरला. २००६ मध्ये सुरू झालेली टेन बॅरल ही स्थानिक ब्रुअरी २०१४ मध्ये अ‍ॅनहायझर-बुश इनबेव्ह या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेण्याची घोषणा झाली. बिअर त्याच गावात, त्याच मंडळींच्या हातून तयार होत राहिली, तरी संघटनेच्या व्याख्येनुसार ती ‘क्राफ्ट’ राहिली नाही. स्थानिक म्हणजे जागेने स्थानिक की मालकीने, हा प्रश्न तेव्हा ग्राहकांपुढेही उभा राहिला. सहलीची जाहिरात पाहताना ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ विचारून घेणे म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

सहलीत काय पाहायला मिळते

बेंडमध्ये ब्रुअरी पाहण्याचे दोन मार्ग आहेत. शहराच्या पर्यटन संस्थेने २०१० मध्ये ‘बेंड एल ट्रेल’ हा उपक्रम सुरू केला. यात पर्यटकाला पारपत्रासारखी एक पुस्तिका मिळते. तो आपल्या सवडीने ब्रुअरींना भेट देतो, प्रत्येक ठिकाणी शिक्का घेतो आणि ठरावीक शिक्के जमल्यावर त्याला स्मरणवस्तू दिली जाते. मध्यवस्तीतील ब्रुअरी एकमेकींपासून पायी अंतरावर असल्याने हा क्रम चालतही पूर्ण करता येतो. मात्र काही ब्रुअरी शहराच्या कडेला, औद्योगिक वसाहतींमध्ये आहेत. मोठ्या टाक्या, मालाची ने-आण आणि स्वस्त जागा या कारणांनी त्या तेथे गेल्या. तेथे पायी जाणे सोयीचे नाही. दुसरा मार्ग, म्हणजे मार्गदर्शकासह निघणारी बससहल, येथे उपयोगी पडतो.

सहलीचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. बस पर्यटकांना त्यांच्या हॉटेलातून घेते. बसण्यापूर्वी छायाचित्र असलेले ओळखपत्र तपासले जाते, कारण अमेरिकेत मद्यपानासाठी किमान वय २१ वर्षे आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सर्व राज्यांनी हीच वयोमर्यादा स्वीकारली. उत्पादन विभागात जायचे असल्यास पुढून बंद असलेले बूट घालून येण्याची सूचना दिली जाते. फरशी ओली असते, नळ्यांतून गरम पाणी वाहत असते आणि बंद जागेत कार्बन डायऑक्साइड वायू साचण्याचा धोका असतो. त्यामुळे ही केवळ औपचारिकता नव्हे.

उत्पादन विभागात मार्गदर्शक बिअरचे चार मूलघटक समजावून सांगतो. सातू, पाणी, हॉप्स आणि यीस्ट हे ते घटक होत. सातूचे दाणे भिजवून, त्यांना मोड आणून ते वाळवले किंवा भाजले जातात. यालाच माल्ट म्हणतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व तयार करण्याची जी रीत आहे, तिच्याशी या पहिल्या पायरीचे साम्य आहे. मोड येताना दाण्यात काही विकरे तयार होतात. भरडलेले माल्ट सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले, की ही विकरे पिठूळ भागाचे साखरेत रूपांतर करतात. हे गोड पाणी गाळून घेतले जाते व तास-दीड तास उकळले जाते. उकळताना त्यात हॉप्स घालतात.

हॉप्स ही एका वेलीची शंकूच्या आकाराची फुले असतात. त्यांच्यामुळे बिअरला कडवटपणा आणि सुगंध येतो, तसेच ती टिकण्यासही मदत होते. या बाबतीत ओरेगनचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोरे हे अमेरिकेतील हॉप्स उत्पादनाचे प्रमुख केंद्र असून ओरेगनच्या विलामेट खोऱ्यातही हॉप्सची शेती होते. लिंबूवर्गीय फळांसारखा गंध असलेला ‘कॅस्केड’ हा वाण ओरेगनमधील कॉर्व्हालिस येथील संशोधनातून विकसित झाला आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रसारित करण्यात आला. अमेरिकी क्राफ्ट बिअरची ओळख घडवण्यात या वाणाचा मोठा वाटा आहे.

उकळलेला द्रव थंड करून त्यात यीस्ट मिसळले, की किण्वन सुरू होते. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करते. ‘एल’ प्रकारची बिअर तुलनेने उबदार तापमानात एक-दोन आठवड्यांत तयार होते. ‘लागर’ प्रकाराला थंड तापमान आणि अनेक आठवड्यांचा काळ लागतो. टाकी अडकून राहण्याचा खर्च वाचतो, म्हणून अनेक लहान ब्रुअरी एल बनवण्यास प्राधान्य देतात. पोर्टर किंवा स्टाउट यांचा काळा रंग भाजलेल्या माल्टमुळे येतो. त्याचा मद्यार्काच्या प्रमाणाशी संबंध नसतो. काळी बिअर म्हणजे अधिक चढणारी, हा समज सहलीत अनेकदा दूर होतो.

लहान पेल्यांचे मोठे गणित

यानंतर चाखण्याचा कार्यक्रम होतो. एका लाकडी तबकात चार ते सहा लहान पेले मांडून दिले जातात. प्रत्येक पेल्यात साधारण १२० मिलिलिटर बिअर असते. पेला लहान असल्यामुळे घेतलेले प्रमाणही किरकोळच आहे, असे वाटते. आकडेमोड केल्यावर मात्र वेगळे चित्र समोर येते.

अमेरिकी आरोग्य यंत्रणा १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्काला एक प्रमाण पेय मानतात. पाच टक्के मद्यार्क असलेल्या ३५५ मिलिलिटर बिअरमध्ये इतका मद्यार्क असतो. आता १२० मिलिलिटरचे पाच नमुने घेतले, तर एकूण बिअर ६०० मिलिलिटर होते. क्राफ्ट बिअरमध्ये सहा टक्के मद्यार्क असणे सामान्य आहे. त्या हिशेबाने ३६ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. एका तबकात दोन प्रमाण पेये झाली. तीन ब्रुअरींमध्ये असे तीन तबके घेतली, तर सहा प्रमाण पेये होतात. सात-आठ टक्क्यांची बिअर निवडली, तर हा आकडा आणखी वाढतो.

यकृत ढोबळमानाने तासाला एक प्रमाण पेय इतकाच मद्यार्क हाताळू शकते. वजन, लिंग, वय, आजार आणि पोटात असलेले अन्न यांनुसार त्यात फरक पडतो. चार तासांच्या सहलीत सहा पेये घेणाऱ्याच्या रक्तात सहल संपतानाही मद्यार्क शिल्लक राहतो. शेवटचा पेला रिकामा केल्यानंतरही रक्तातील प्रमाण काही काळ वाढतच असते. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा मोकळी हवा यांनी माणूस जागा झाल्यासारखा वाटतो, परंतु मद्यार्क उतरण्याचा वेग बदलत नाही. त्यासाठी वेळ जाऊ देणे हाच उपाय आहे.

‘मी थोडेच घेतले आहे’ असे प्रामाणिकपणे मानणारी व्यक्ती मोटारीच्या चाकामागे बसते, तेव्हा धोका निर्माण होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या आकडेवारीनुसार, २०२२ मध्ये मद्यधुंद चालकांचा समावेश असलेल्या अपघातांत त्या देशात १३,५२४ जणांचा मृत्यू झाला. रस्ते अपघातांतील एकूण मृत्यूंच्या तुलनेत हे प्रमाण जवळपास एक तृतीयांश आहे. सार्वजनिक वाहतूक विरळ असलेल्या आणि बहुतेक व्यवहार मोटारीनेच चालणाऱ्या प्रदेशात शहराबाहेरील ब्रुअरीपर्यंत पाहुणा कसा येतो आणि कसा जातो, हा म्हणूनच जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

बस आणि चालक यांचे नियम

ओरेगनमध्ये वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हीच मर्यादा लागू असून युटा राज्याने डिसेंबर २०१८ च्या अखेरीपासून ती ५० मिलिग्रॅमवर आणली. व्यावसायिक वाहन चालवणाऱ्यांसाठी केंद्रीय नियमांनुसार ४० मिलिग्रॅमची अधिक कडक मर्यादा आहे.

वाहनाच्या आकारालाही कायद्याच्या दृष्टीने महत्त्व आहे. चालकासह १६ किंवा त्याहून अधिक व्यक्तींसाठी बनवलेले वाहन चालवण्यास अमेरिकेत व्यावसायिक परवाना आणि प्रवासी वाहतुकीची स्वतंत्र नोंद आवश्यक असते. त्याखालील वाहनांना ही अट नसते. ब्रुअरी सहलींसाठी मोठ्या बसऐवजी १४ आसनांच्या आसपासची छोटी बस अनेकदा का दिसते, याचे एक कारण या नियमात आहे. दुसरे कारण ब्रुअरीच्या जागेत आहे. टाक्यांमधील अरुंद वाटेतून एका वेळी डझनभर माणसांनाच नीट नेता येते आणि मार्गदर्शकाचा आवाजही तेवढ्यांपर्यंतच पोहोचतो.

धावत्या वाहनात मद्याची उघडी बाटली बाळगण्यास बहुतेक राज्यांत मनाई आहे. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना असे नियम करण्यास प्रवृत्त केले. त्यात भाड्याने चालणाऱ्या प्रवासी वाहनातील प्रवाशांना सूट देण्याची तरतूदही ठेवण्यात आली. प्रत्यक्ष नियम राज्यानुसार बदलतात. चालकाला मात्र कोणतीही सवलत नसते.

जबाबदारी केवळ चालकाचीच नसते. ओरेगनमध्ये मद्य वाढणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रशिक्षण पूर्ण करून राज्याचा परवाना घ्यावा लागतो. मद्याचा अंमल उघडपणे दिसत असलेल्या व्यक्तीला आणखी मद्य देणे हा तेथे गुन्हा आहे. पुढच्या ब्रुअरीतील कर्मचारी सहलीतील एखाद्या पाहुण्याला पेला नाकारू शकतो. त्यामुळे चांगले आयोजक दोन थांब्यांमध्ये पुरेसा अवधी ठेवतात, प्रत्येक ठिकाणी पाणी मिळेल याची काळजी घेतात, मधल्या थांब्यावर खाण्याची सोय करतात आणि नमुन्यांची संख्या आधीच ठरवून देतात. वेळापत्रकाची ही शिस्त पाहुण्यांना कधी जाचक वाटते. परंतु सहलीची सुरक्षितता तिच्यावरच अवलंबून असते.

शहराचा लाभ आणि शहरापुढील प्रश्न

जनगणनेनुसार १९९० मध्ये बेंडची लोकसंख्या सुमारे २० हजार होती. २०२० मध्ये ती ९९ हजारांवर पोहोचली. ही वाढ केवळ ब्रुअरींमुळे झाली असे म्हणता येणार नाही. बर्फावरील खेळ, नदी, निसर्ग आणि मोठ्या शहरांतून स्थलांतरित झालेली कुटुंबे ही तितकीच महत्त्वाची कारणे आहेत. मात्र ब्रुअरींनी शहराला एक ओळख दिली. पावसाळी किंवा हिमवर्षावाच्या दिवसांतही पर्यटकाला काही पाहण्यासारखे मिळाले. बसचालक, मार्गदर्शक, उपाहारगृहातील कर्मचारी यांच्यासाठी कामे निर्माण झाली.

या अर्थकारणाची दुसरी बाजूही आहे. पर्यटनावर उभा असलेला रोजगार पर्यटकांच्या येण्याजाण्यावर हेलकावे खातो. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे उपाहारगृहांत बसून खाण्यापिण्यास मनाई झाली, तेव्हा चाखण्याची दालने आणि एकत्र प्रवास करणाऱ्या गटांच्या सहली यांना एकाच वेळी फटका बसला. त्यानंतर बाजार सावरला, तरी तो पूर्वीच्या वेगाने वाढलेला नाही. अमेरिकेतील ब्रुअरींची संख्या आता नऊ हजारांहून अधिक आहे. मात्र २०२४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक होती. तरुण पिढीतील मद्यपानाचे प्रमाण घटत आहे, कच्च्या मालाचे दर वाढले आहेत आणि मद्यार्कविरहित बिअरची मागणी वाढते आहे.

आरोग्याविषयीची जाणीवही बदलली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला होता. मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी मद्य आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयी स्वतंत्र सूचनापत्र जारी केले. बस अपघाताचा धोका टाळते. मद्याचे शरीरावर होणारे परिणाम ती टाळू शकत नाही, हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भारतात काय स्थिती आहे

भारतात मद्य हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार, औषधी प्रयोजन वगळता मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. गुजरात आणि बिहार या राज्यांत दारूबंदी आहे. महाराष्ट्रात १९४९ चा मद्यनिषेध अधिनियम लागू असून मद्यसेवनासाठी परवाना आवश्यक ठरतो. बिअरसाठी किमान वय २१, तर तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे. त्यामुळे अमेरिकेतील सहलीचे स्वरूप जसेच्या तसे येथे आणता येणारे नाही.

तरीही जागेवरच बिअर तयार करून विकणाऱ्या मायक्रोब्रुअरी गुरुग्राम, पुणे, बंगळुरू, मुंबई अशा शहरांत रुजल्या आहेत. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली डूलाली ही देशातील आरंभीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक होय. बंगळुरूमधील अनेक मायक्रोब्रुअरी इंदिरानगरसारख्या मध्यवर्ती भागांत आहेत. इंदिरानगरला ऑक्टोबर २०११ पासून मेट्रोची सोय आहे. तेथे पाहुण्याला परतण्यासाठी स्वतःची मोटार काढण्याची गरज भासत नाही. शहरातील सार्वजनिक वाहतूक हीच तेथील ‘सहलीची बस’ ठरते.

बेंडच्या परिस्थितीशी अधिक जवळचे उदाहरण नाशिकचे आहे. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षमद्यविषयक धोरण जाहीर केले. त्यानंतर नाशिक परिसरात वाइनरींची वाढ झाली आणि सुला वाइनरीने २००५ मध्ये पाहुण्यांसाठी चाखण्याचे दालन उघडले. मुंबई आणि पुण्याहून अनेक पर्यटक तेथे स्वतःच्या मोटारीने जातात. मुंबई ते नाशिक हे अंतर सुमारे १७० किलोमीटर असून वाटेत कसारा घाट लागतो. द्राक्षबागा शहराबाहेर, पाहुणे दूरचे आणि रस्ता घाटाचा, अशा स्थितीत गाडी कोण चालवणार हा प्रश्न तेथेही तितकाच महत्त्वाचा आहे.

या बाबतीत भारतीय कायदा अमेरिकेपेक्षा अधिक कठोर आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार, रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. ओरेगनच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही ही मर्यादा कमी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होऊ शकते. गुन्हा पुन्हा घडल्यास कारावास दोन वर्षांपर्यंत आणि दंड १५ हजार रुपये आहे. वर दिलेले गणित लक्षात घेतले, तर पाच लहान पेल्यांचे एक तबकही अनेकांना या मर्यादेपलीकडे नेऊ शकते.

निवड करताना

परदेशात शिक्षण, नोकरी किंवा आप्तेष्टांच्या भेटीनिमित्त जाणाऱ्या भारतीयांना अशा सहलींचे निमंत्रण मिळते. अमेरिकेतील सॅन डिएगो, डेन्व्हर, अ‍ॅशव्हिल, पोर्टलंड या शहरांतही ब्रुअरी सहली निघतात. सहल निवडताना काही बाबी विचारून घेणे हिताचे ठरते. चालक आणि मार्गदर्शक एकच आहे की वेगवेगळे. प्रत्येक थांब्यावर किती नमुने दिले जातात. जेवण आणि पाणी यांची सोय आहे का. परतताना मुक्कामाच्या दारापर्यंत सोडले जाते की एखाद्या वाहनतळावर. आणि मद्य न घेणाऱ्या सोबत्यासाठी वेगळा दर किंवा वेगळे पेय आहे का, हे ते प्रश्न होत. मूळ पारपत्र किंवा तेथील ओळखपत्र सोबत असावे, कारण वय कितीही दिसत असले तरी ओळखपत्राशिवाय प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

यांपैकी परतीच्या प्रवासाविषयीचा प्रश्न सर्वाधिक महत्त्वाचा आहे. बस वाहनतळावर सोडणार असेल आणि तेथे पर्यटकाची स्वतःची मोटार उभी असेल, तर सहलीचा मूळ हेतूच विफल होतो. बेंडच्या अनुभवातून हीच गोष्ट ठळकपणे पुढे येते. ब्रुअरीला दारातच विक्री करण्याची मुभा देणारा कायदा एका दिवसात संमत होतो; त्या दारातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्याला सुखरूप घरी पोहोचवण्याची व्यवस्था मात्र शहराला, व्यावसायिकांना आणि प्रवाशांना मिळून रोज उभी करावी लागते.